वेळेचा रकाना

पोलीस ठाण्यातली स्टेशन डायरी आमच्या वेळी कार्बन घालून लिहायचे. डावीकडे नोंदीचा नंबर, शेजारी वेळ, मग मजकूर. मूळ प्रत पुस्तकात राहायची, कार्बनची प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठांच्या कार्यालयात जायची. बंदोबस्ताला किती माणसं गेली, कोण जेवायला सुटलं, कुणाला आत घातलं, सगळं त्यात यायचं. जे डायरीत नाही ते ठाण्यात घडलंच नाही, अशी आमच्या खात्याची समजूत.

१९८८ साली मी सोलापुरात भरती झालो. पहिल्याच महिन्यात एका जुन्या हवालदारांनी शेजारी बसवून शिकवलं, "पोरा, पानाला दोन ओळी मोकळ्या सोडत जा. साहेबाला कधी लागतील, काय सांगता येतंय?" त्या दोन ओळींच्या जोरावर मी पुढची सोळा वर्षं नोकरी केली. संध्याकाळी उचललेला संशयित दुसऱ्या दिवशी दुपारी 'अटक' व्हायचा. मधल्या वेळेला आम्ही 'चौकशी' म्हणायचो. अटक केलेल्याला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे घटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. ते आम्ही कधी मोडलं नाही. चोवीस तास कधी सुरू झाले, तेवढं मात्र आम्ही ठरवायचो.

२०२५ च्या मे अखेर ग्रेड पीएसआय म्हणून निवृत्त झालो. पेन्शनीत बसून लिहितोय. ठाण्याचं नाव, साहेबांचं नाव लिहीत नाही. त्यातले काही आता हयात नाहीत, आणि त्या चुकीत माझा वाटा इतरांपेक्षा कमी नव्हता.

आमच्या ठाण्यात कोर्ट पहिल्यांदा आलं ते पेंटरच्या हातून. १८ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने डी. के. बासू खटल्याचा निकाल दिला. बासू पश्चिम बंगालमधल्या कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचे कार्याध्यक्ष. कोठडीत माणसं मरतात, यावर त्यांनी १९८६ साली सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, आणि त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. दहा वर्षांनी निकाल आला, त्यात पोलिसांसाठी अकरा सूचना. छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा मेमो जागेवर करायचा, त्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, खाली आरोपीची सही, वेळ आणि तारीख. घरी कळवायचं. अंगावरच्या जखमा लिहायच्या. दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टर. वकिलाला भेटू द्यायचं. आणि हे केलं नाही तर खात्याची कारवाई आणि वर कोर्टाचा अवमान.

बोर्ड रंगवायला आला तो एरवी दुकानांच्या पाट्या आणि गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलचे फलक करणारा. शेवटच्या ओळीला आल्यावर त्याने विचारलं, "साहेब, 'अवमान' मोठ्या अक्षरात काढू का?" साहेब म्हणाले, "बारीक काढ." बोर्ड भिंतीवर लागला, पुढे त्याच्याखाली लोखंडी कपाट आलं आणि खालच्या चार सूचना कपाटामागे गेल्या. त्यात डॉक्टरही गेला आणि वकीलही.

फॉर्म मात्र आले. छापील अटक फॉर्मचे गठ्ठे. तेही आम्ही भरत होतो, पण सगळं झाल्यावर, एका बैठकीत, एकाच पेनाने. प्रतिष्ठित व्यक्ती म्हणून समोरचा चहावाला. त्याची सही मी माझ्या बायकोच्या सहीपेक्षा जास्त वेळा पाहिली असेल. मेडिकलला माणूस सिव्हिल हॉस्पिटलला जायचा, पण चिठ्ठीवर वेळ डॉक्टर टाकायचे, म्हणून त्यांच्या वेळेला जुळेल अशी आमची वेळ आम्ही नंतर भरायचो. आपण खोटं लिहितोय असं तेव्हा वाटत नव्हतं. फॉर्म पूर्ण करतोय, एवढंच वाटायचं.

२००४ च्या पावसाळ्यात डी.बी. म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या डिटेक्शन पथकाने सोलापूरच्या पूर्वभागातून एक पोरगा आणला. वय वीस-एकवीस, यंत्रमागावर कामाला. कारखान्यातून सुताची बाचकी गेली होती आणि मालकाने याचं नाव घेतलं होतं. ठाणे अंमलदार मी होतो. पोरगा आत आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेसात. मी नोंद केली नाही. दोन ओळी सोडल्या.

आठच्या सुमारास त्याची आई आली. विड्या वळणारी बाई, बोटांना तंबाखूचा वास. घरी तेलुगू, मराठी तुटकं. "साहेब, माझा पोरगा हितं हाय का ओ?" मी म्हणालो, "नाही बाई, इथं कुणी आणलं नाही." पोरगा माझ्या खुर्चीपासून सात पावलांवर, दाराआड बसला होता. ती पायऱ्यांवर बसून राहिली. पाऊस आला तशी आत व्हरांड्यात सरकली. अकराला मीच तिला घरी जायला सांगितलं, रिक्षा मिळणार नाही म्हणून. काळजीने सांगितलं होतं मी ते, आजही तसंच आठवतं.

ती घरी गेलीच नाही. विडी कामगारांच्या युनियनमधल्या कुणाकडे तरी गेली आणि सकाळी पोस्टात जाऊन त्यांनी हायकोर्टाला तार केली: अमुक मुलाला काल संध्याकाळपासून अमुक ठाण्यात बेकायदा डांबलंय. तारेवर पोस्टाची वेळ असायची. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. (तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. खात्यातल्या पुष्कळांना तेव्हा वाईट वाटलं असेल, मला थोडं हायसं वाटलं.) आमच्या कागदावर पोरगा त्या दिवशी संध्याकाळी पाचला अटक झाला.

तारेची एक नक्कल आमच्याकडेही फिरत आली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, डायरी उघडली आणि कालच्या पानावरच्या दोन मोकळ्या ओळींवर बोट ठेवलं. मी लिहिलं: 'रात्री ८.१५. संशयितास चौकशीअंती समज देऊन सोडून दिले.' नंबर पुढचा टाकता येईना, कारण पुढचा नंबर खाली आधीच पडला होता. म्हणून २३ च्या खाली '२३अ' टाकलं. त्या पानाची कार्बनची प्रत सकाळीच वर गेली होती, हे माझ्याही लक्षात आलं नाही आणि साहेबांच्याही.

युनियनच्या वकिलांनी हायकोर्टात रिट याचिका दाखल केली. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूरचा माणूस तिथं सकाळी जाऊन रात्री परत येऊ शकतो. तेव्हा हायकोर्ट म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. मूळ रेकॉर्ड घेऊन हजर राहा, असा निरोप आला. डायरी, लॉकअप रजिस्टर, अटक फॉर्म, सिव्हिलची चिठ्ठी, सगळं खाकी कापडात बांधलं, सुतळीने गाठ मारली आणि गठ्ठा उशाला घेऊन वरच्या बर्थवर झोपलो. झोप कसली. दौंड आलं, पुणे आलं, लोणावळ्यात चहावाल्याचा आवाज आला, तोवर मी '२३अ'ला एक गोष्ट रचत होतो आणि कल्याणला ती मोडत होतो.

सरकारी वकील बाई होत्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पान उघडलं. "हवालदार, नोंदीला 'अ' कधीपासून लागायला लागला?" मी म्हणालो, मॅडम, राहून गेली होती. त्यांनी शांतपणे आपल्या फाईलमधून कार्बनची प्रत काढून शेजारी ठेवली. वरिष्ठ कार्यालयाने ती परस्पर पाठवली होती. कार्बनवर त्या जागी दोन ओळी कोऱ्या. बाई एवढंच म्हणाल्या, "मी सरकारची वकील आहे, तुमची नाही. जे आहे ते मी कोर्टाला सांगणार."

कोर्टात कुणी ओरडलं नाही. मला ओरडणं अपेक्षित होतं, त्याला तोंड द्यायची सवय होती. दोन न्यायमूर्तींपैकी एकांनी मराठीतच विचारलं, "ही नोंद कुणी केली?" साहेब पुढच्या रांगेत उभे होते, त्यांनी मान वळवली नाही. मी म्हणालो, "मी केली." "कधी?" गप्प राहिलो. परत विचारलं, "कधी?" म्हणालो, "दुसऱ्या दिवशी."

ऑर्डर झाली. पोराला भरपाई. आम्हा दोघांची विभागीय चौकशी. आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. याचिका निकाली न काढता सहा महिने ठेवली. दर महिन्याला आमच्या ठाण्याने कोठडीचं पूर्ण रेकॉर्ड हजर करायचं. कोण, किती वाजता आत आला, घरी कुणाला, किती वाजता कळवलं, डॉक्टर कधी, मॅजिस्ट्रेट कधी. आणायचं कुणी? ज्याच्या हस्ताक्षरात ते आहे त्याने.

चौकशीत माझी एक वेतनवाढ वर्षभरासाठी रोखली. साहेबांची बदली झाली. घरी बायकोला वेतनवाढीचं सांगायला मला चार दिवस लागले.

ते सहा महिने ठाण्यात मला कुणी चहा विचारला नाही. डी.बी.तली पोरं तोंडावर म्हणायची, "तुमच्यामुळं डिटेक्शन बसलं." बसलंच होतं, पहिले दोन महिने तर पार बसलं. एका रात्री पथकाने एकाला आणलं, मी पेन उचललं, रकान्यात ९.४० लिहिलं. नवे साहेब म्हणाले, "थांब की जरा, विचारपूस होऊ दे." मी म्हणालो, "साहेब, महिनाअखेरीला हे पुस्तक घेऊन मलाच सिद्धेश्वरला बसायचंय." ते काही बोलले नाहीत. मी शूर होतो असं कुणी समजू नये. मुंबईच्या त्या कोर्टात परत तसं उभं राहायची भीती साहेबांच्या भीतीपेक्षा मोठी झाली होती, एवढंच.

एकदा वेळ लिहिली की ती पुढचं सगळं ओढत आणते. ९.४० पडले की चोवीस तास मोजले जातात. ९.४० ला आणला तर घरी कधी कळवलं, हा पुढचा रकाना कोरा दिसायला लागतो, म्हणून फोन होतो. फोन झाला की आई येते. आई आली की पोराला हात लावताना माणूस दाराकडे बघतो. मग पथकाच्याच लक्षात आलं की नुसत्या संशयावर आणलं तर चोवीस तासांत काही निघत नाही, मॅजिस्ट्रेट पी.सी.आर. म्हणजे पोलीस कोठडी देत नाहीत, उलट विचारतात. आणायच्या आधी गहाण दुकानात, भंगारवाल्याकडे फिरायला लागले. चहावाल्याला मी सांगितलं, आता तुझी सही नको. तो नाराज झाला, त्याला त्यात मान वाटायचा.

कपाट मीच हलवलं. बोर्डाच्या खालच्या ओळींवर धूळ नव्हती, कपाटाने झाकल्यामुळे रंग नवा राहिला होता.

सहा तारखा झाल्या आणि याचिका निकाली निघाली. त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सहकाऱ्याने डायरी माझ्याकडे सरकवताना म्हटलं, "आता सोडायला लागा की दोन ओळी." मी सोडल्या नाहीत. महिनाभरात माझी बदली मुद्देमाल खोलीत झाली. तिथं चोरीच्या सायकली आणि उंदीर. ठाणं पुन्हा जुन्या वळणावर गेलं का? बरंचसं गेलं. पण सगळं नाही. घरी फोन करायची सवय राहिली, कशी ते मला कळलं नाही. बहुधा आयांनाच कळलं होतं की आपल्याला विचारायचा हक्क आहे.

बेड्यांचं मात्र वेगळंच दुखणं. सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये, मग १९९५ मध्ये सांगितलं की मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय सरसकट बेड्या घालायच्या नाहीत. बरोबरच आहे, माणूस जनावर नव्हे. पण आरोपी पळाला तर त्याला नेणाऱ्या एस्कॉर्ट पार्टीवरचे शिपाई त्याच दिवशी सस्पेंड. मग आम्ही काय करायचो, तर त्याच्या करंगळीत करंगळी अडकवून कोर्टापर्यंत जायचो. लोकांना वाटायचं दोन मित्र चाललेत. एकदा घरफोडीतला एकजण वाटेत मला म्हणाला, "हवालदार, हात घामाला लागलाय तुमचा, बदला की." निकाल लिहिणाऱ्यांनी कधी एखाद्या आरोपीची करंगळी धरून पाहायला हवी होती. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत काही गंभीर गुन्ह्यांसाठी बेड्यांची तरतूद आली, तोवर माझं एस्कॉर्टचं वय संपलं होतं.

पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह निकालाबद्दल वर्तमानपत्रात खूप वाचलं. माजी पोलीस महासंचालकांनीच १९९६ ला याचिका केली, २२ सप्टेंबर २००६ ला निकाल. ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षं, तपास वेगळा आणि बंदोबस्त वेगळा, तक्रारींसाठी प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ ला कायद्यात दुरुस्ती केली. आमच्या टेबलापर्यंत त्यातलं फारसं उतरलं नाही. तपास वेगळा म्हणाल, तर जानेवारीत सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघाले की खुनाचा तपास करणाराही मिरवणुकीच्या दोराला. आषाढीला तर अर्धं ठाणं पंढरपुरात.

सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमार निकाल मात्र उतरला, आणि पटकन. २ जुलै २०१४. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर आपोआप अटक नाही. अटक का गरजेची ते कारणांसह लिहून मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं, नाहीतर दोन आठवड्यांत नोटीस देऊन बोलवायचं. चुकलात तर खात्याची कारवाई आणि अवमान, आणि कारणं न बघता कोठडी दिली तर मॅजिस्ट्रेटवरही. शेवटच्या वाक्याने काम केलं. सुनेने केलेल्या छळाच्या केसमध्ये म्हाताऱ्या सासूला, नणंदेला उचलून आणायचं आमच्याकडे जवळजवळ थांबलं. त्यातून नवा धंदा सुरू झाला हेही सांगतो: नोटीस द्यायची की अटक करायची, हे ठरवण्याचे पैसे. मी पाहिलंय. कारणांचा रकाना असतो, पण त्यात छापील वाक्य चिकटवलं की तो वेळेच्या रकान्याइतका चावत नाही. कारणं सगळ्यांची सारखी असू शकतात, वेळ ज्याची त्याची.

कॅमेऱ्यांच्या वेळी मी परत ठाण्यात होतो, शेवटची काही वर्षं. सुप्रीम कोर्टाचा २ डिसेंबर २०२० चा निकाल: प्रत्येक ठाण्यात दारं, लॉकअप, पॅसेज, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागची बाजू, कुठलाच कोपरा सुटता कामा नये. आवाजासकट, रात्रीचं दिसेल असे, आणि अठरा महिन्यांचं रेकॉर्डिंग. आमच्या डीव्हीआरमध्ये जेमतेम महिना मावायचा. मागच्या दाराचा कॅमेरा उन्हाळ्यात बंद पडला, तो दिवाळीपर्यंत पत्रव्यवहारातच राहिला. पण माझं लक्ष भलत्याच गोष्टीकडे गेलं. कॅमेऱ्याचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा अकरा मिनिटं पुढे होतं. कंत्राटदाराचा पोरगा म्हणाला, "अकरा मिनिटांनी काय होतंय ओ काका?" त्याला सिद्धेश्वरची गोष्ट सांगून उपयोग नव्हता. मी दर सोमवारी डायरीत नोंद करायला लागलो: 'सी.सी.टी.व्ही.चे घड्याळ ११ मिनिटे पुढे आहे.' तरुण पोरं हसायची. चार महिन्यांनी एका प्रकरणात वकिलाने फुटेज मागवलं आणि डायरीतली वेळ खोटी म्हणून बोट ठेवलं, तेव्हा त्या सोमवारच्या नोंदींच्या नकला कोर्टात गेल्या. त्यानंतर हसायचे बंद झाले असं नाही, पण घड्याळ दुरुस्त झालं.

माझा पुतण्या आता शहरात रायटर आहे, म्हणजे ठाण्याचं लिखाण तोच करतो. डिसेंबरात रात्री त्याचा फोन. ६ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या एका हिट अँड रनच्या खटल्यात सांगितलंय की अटकेची कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल त्या भाषेत, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडला उभं करायच्या निदान दोन तास आधी. "काका, पूर्वभागातला पोरगाय. तेलुगूत पाहिजे म्हणतोय वकील. कुणाकडून लिहून घेऊ?"

माझ्या गल्लीत निवृत्त तेलुगू मास्तर राहतात. त्यांना उठवलं. त्यांनी मफलर गुंडाळून, पाटी घेतल्यासारखं पुठ्ठ्यावर कागद ठेवून, सुरेख अक्षरात अर्धं पान लिहिलं. फोटो पाठवला. दहा मिनिटांत परत फोन.

"काका, याला वाचता येईना की. मराठी शाळेत शिकलाय. बोलतो तेलुगू, वाचतो मराठी."

"आणि आई?"

"आईला दोन्ही वाचता येत नाही. बाहेर बसलीय."

मास्तर माझ्या शेजारीच उभे होते. म्हणाले, फोन द्या त्या बाईला. मग त्यांनी ते अर्धं पान सावकाश, एकेक ओळ थांबत, तिला वाचून दाखवलं. पोराला कारणं मराठीत लिहून दिली, आईला वाचून दाखवल्याची वेगळी नोंद केली, मास्तरांचं नाव घातलं.

"वेळ टाकलीस का?" मी विचारलं.

"टाकली. दोन्हींची वेगवेगळी."

"आणि त्या बाईला आत घे बाबा. बाहेर थंडी आहे."